शेतातील अपघात : पहिले तीन तास

(आजरा येथे भात कापणीच्या तोंडावर झालेल्या शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी कृषिविद्या हा विषय शिकवतो. आजच्या कार्यक्रमात माझ्याकडे भात काढणी आणि काढणीनंतरची काळजी हा विषय होता. संयोजकांच्या परवानगीने त्यात मी थोडा बदल केला आहे. भात कधी कापावे, किती वाळवावे हे आपण दरवर्षी ऐकतो. ते भात कापून घरी आणणाऱ्या माणसाला शेतात इजा झाली तर काय करावे, हे मात्र आपल्या मेळाव्यांतून फारसे सांगितले जात नाही. आज त्याविषयी बोलावे म्हणतो.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. कोणते औषध किती द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे. परंतु गेल्या काही वर्षांत तातडीच्या उपचारांवर जे संशोधन झाले आहे, त्यातील बरेचसे तुमच्या-आमच्यासारख्यांच्या अपघातांवरचे आहे. काही तर महाराष्ट्रातच झालेले आहे. त्या सर्वांतून एक गोष्ट पुन:पुन्हा पुढे येते. औषध जितके महत्त्वाचे, तितकीच ते मिळण्याची वेळ महत्त्वाची. आणि ही वेळ डॉक्टरांच्या हातात नसते, ती शेतात जवळ असणाऱ्या माणसांच्या हातात असते.

एक घरचा अनुभव

२००९ साली मी कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी कापणीला आलो होतो. दिवस मावळताना माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, भाताच्या पेंढ्या उचलत असताना त्यांच्या पायाला घोणस चावली. मी धावत गेलो, सुतळी काढली आणि घोट्याच्या वर करकचून बांधली. शेजारच्या एकाने ब्लेडने चिरा दिल्या. मग विष उतरवणारा एक जण पलीकडच्या गावात आहे असे कोणी तरी म्हणाले, म्हणून तिकडे गेलो. रुग्णालयात पोहोचेपर्यंत चार तास गेले होते.

लस मिळाली आणि तात्यांचा जीव वाचला. पण पाय काळा पडला होता. डॉक्टरांना सडलेला भाग काढावा लागला, दोन बोटे गेली, मांडीची कातडी काढून पायावर बसवावी लागली. घोणशीच्या विषाने मांस सडतेच; दोरीने रक्त अडवून आणि चिरा देऊन आम्ही त्यात भर घातली होती. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मला एवढेच विचारले, "दोरी कोणी बांधली?" मी उत्तर दिले नाही. तात्या आज हयात आहेत, पण चिखलात उभे राहता येत नाही, म्हणून रोप लावणीच्या दिवसांत बांधावर बसून असतात. त्या वेळी भातावरच्या खोडकिडीचे शास्त्रीय नाव मला पाठ होते. सापाने चावल्यावर काय करायचे नाही, हे मात्र माहीत नव्हते.

प्रयोगाचा वाफा आणि रुग्णालयातील खाट

संशोधनाचे निष्कर्ष सांगण्यापूर्वी ते कसे काढतात हे पाहू. ही पद्धत शेतकऱ्याला परकी नाही. नवीन खताचा प्रयोग घेताना आपण एका वाफ्यात खत घालतो, शेजारचा वाफा तुलनेसाठी तसाच ठेवतो. कोणत्या वाफ्याला खत द्यायचे हे मनाने ठरवले, तर चांगल्या जमिनीचा वाफा आपसूक निवडला जातो आणि खताचा खोटा गुण दिसतो. म्हणून वाफे चिठ्ठ्या टाकून निवडावेत, हा विचार इंग्लंडमधील रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात काम करणारे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात पक्का केला. शेतीत रुळलेली ही रीत पुढे वैद्यकशास्त्रातही आली. १९४८ साली क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन औषधाची चाचणी अशाच पद्धतीने प्रसिद्ध झाली. काही रुग्णांना नवे औषध, काहींना नेहमीचा उपचार, आणि कोणाला काय ते चिठ्ठीवर.

म्हणजे वाफ्याच्या जागी खाट आली, पद्धत तीच राहिली. "अमक्याला झाडपाल्याने गुण आला" एवढ्यावर विश्वास का ठेवू नये, हे यावरून लक्षात येईल. साप बिनविषारी असेल किंवा चावताना त्याने विष सोडलेच नसेल, तर कशानेही गुण येतो. तुलनेचा वाफा नसेल तर उपायाचा गुण कळत नाही.

लाल विंचू : महाडचे काम

आपल्या भागात गवे आणि हत्ती यांच्या बातम्या होतात. विंचवाची बातमी होत नाही. परंतु कोकण आणि घाटमाथ्यावर आढळणारा लाल विंचू लहान मुलांचा जीव घेऊ शकतो.

डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेले रुग्ण वेदनेने नव्हे, तर हृदयावर ताण येऊन आणि फुफ्फुसांत पाणी होऊन दगावतात, हे त्यांनी रुग्णांच्या खाटेशेजारी बसून नोंदवले. लाल विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो आणि हृदय थकते. या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध रक्तदाबासाठी आधीपासून वापरात होते. १९८० च्या दशकात त्यांनी ते विंचूदंशावर वापरले. त्यापूर्वी गंभीर विंचूदंशात शंभरातील तीस ते चाळीस रुग्ण दगावत असत. या उपचारानंतर हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. एका तालुक्याच्या गावातून केलेले हे काम जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

२०११ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथील आणखी एक चाचणी प्रसिद्ध केली. विंचूदंशाचे ७० रुग्ण घेतले. ३५ जणांना केवळ प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरील लस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८, दुसऱ्या गटात ३२. दोन्ही उपचार एकत्र दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, असे त्यावरून दिसले.

आपण यातून काय घ्यावे? विंचू चावल्यावर नुसती आग होत असेल आणि माणूस बरा असेल, तरी लक्ष ठेवावे. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे, छातीत धडधड, खोकला किंवा धाप यांपैकी काहीही दिसले, तर ते विष अंगात भिनल्याचे लक्षण आहे. लहान मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा. चावा घेतलेल्या जागी चुना, तंबाखू, कांदा चोळण्यात वेळ घालवू नये.

सर्पदंश : अंतर मिनिटांत मोजावे

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. यातील सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतील. त्याआधी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली होती. सर्पदंशाने दगावलेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश माणसे रुग्णालयाबाहेर दगावली होती. लस तयार होती, माणूस तिच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

सर्पविषावरील आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर चालते. मुंबईची हाफकिन संस्था ती पूर्वापार तयार करत आली आहे. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तातून ही लस काढतात. लस रक्तात फिरणारे विष निकामी करते. जे विष मज्जातंतूंवर किंवा स्नायूंवर जाऊन बसले आणि ज्याने इजा केली, ती इजा लस परत भरून काढू शकत नाही. पीक किडीने खाल्ल्यावर फवारणी केली तर कीड मरते, पण खाल्लेले पान परत येत नाही, तसेच हे आहे. म्हणून वेळ महत्त्वाची.

रुग्णालयात एक साधी चाचणी करतात, तीही समजून घ्या, म्हणजे "डॉक्टर नुसते बसवून ठेवतात" असे वाटणार नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. रक्त गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचे विष भिनले आहे असे समजतात. पहिल्या वेळी गोठले तरी ही चाचणी पुन्हा करावी लागते, म्हणून रुग्णाला लगेच घरी नेण्याचा आग्रह धरू नये. आणखी एक शंका नेहमी येते. लहान मुलाला मोठ्या माणसाएवढीच लस का? कारण लस मुलाच्या वजनावर नव्हे, सापाने सोडलेल्या विषावर द्यायची असते, आणि साप माणूस पाहून विष कमी करत नाही.

मण्यारीबद्दल विशेष सांगतो. ही रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला अंथरुणात चावते. चावा दुखत नाही, सूज येत नाही, खूण सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. खळ्यावर किंवा घरात जमिनीवर झोपलेल्या माणसाला सकाळी असे होऊ लागले, तर पित्त समजून थांबू नये. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपल्याने सर्पदंश टळतो, असे नेपाळमधील अभ्यासात आढळले आहे. खाट आणि मच्छरदाणी हा स्वस्त उपाय आहे.

नेपाळचेच आणखी एक काम आपल्या डोंगरी वाड्यांना उपयोगी आहे. तेथील तराई भागातील चार गावांत तरुणांनी मोटारसायकली तयार ठेवल्या. कोणाला साप चावला की रुग्णाला मध्ये बसवायचे, मागे एकाने धरून बसायचे आणि थेट उपचार केंद्र गाठायचे. त्याबरोबर गावात प्रबोधन केले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार सर्पदंश झालेल्या शंभरांमागे दगावणाऱ्यांचे प्रमाण १०.५ वरून ०.५ वर आले. यात नवे औषध काहीच नव्हते. बदलली ती रुग्ण पोहोचण्याची वेळ आणि गावाची तयारी. मोटारसायकल आज आपल्या प्रत्येक वाडीत आहे.

भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. तो कागदावर राहायचा नसेल तर त्याची सुरुवात बांधावर व्हायला हवी.

कीटकनाशकाची बाधा : बारामती ते बांगलादेश

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले, हे आपल्याला आठवत असेल. आपल्याकडे कपाशी नाही, पण काजू आहे. मोहोर आल्यावर ढेकण्यासाठी डोक्याच्या वर फांद्यांवर फवारा मारावा लागतो आणि त्याचे थेंब मारणाऱ्याच्याच अंगावर येतात.

सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशकांची बाधा झाली की तोंडातून लाळ येते, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात, छातीत पाणी भरल्यासारखे होऊन धाप लागते. यावर ॲट्रोपिन हे मुख्य औषध आहे. त्याच्या जोडीला प्रालिडॉक्झिम हे दुसरे औषध देतात. या दुसऱ्या औषधावरील एक महत्त्वाची चाचणी आपल्या बारामतीत झाली आणि २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मध्यम स्वरूपाची बाधा झालेले २०० रुग्ण होते. औषध सलग सलाइनमधून जास्त प्रमाणात दिलेल्या गटात शंभरात १ दगावला, चार-चार तासांनी थोडे थोडे दिलेल्या गटात शंभरात ८ दगावले.

यानंतर २००९ मध्ये श्रीलंकेतील चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात २३५ रुग्ण होते आणि याच औषधाचा काही फायदा दिसला नाही. मग खरे काय? एकच भाताची जात आजऱ्यात चांगली येते आणि दुसरीकडे पडते, तेव्हा आपण जमीन, पाऊस, लावणीची तारीख पाहतो. तसेच येथेही विष कोणते, किती गेले आणि रुग्ण किती वेळाने आला, यावर निकाल बदलतो. बारामतीच्या रुग्णांवर लवकर उपचार सुरू झाले होते, ही त्यातील लक्षात घेण्याची गोष्ट आहे. ॲट्रोपिनबाबत मात्र २०१२ मध्ये बांगलादेशातून आलेला निकाल अधिक सरळ आहे. १५६ रुग्णांच्या चाचणीत ॲट्रोपिनची मात्रा झपाट्याने वाढवत नेलेल्या गटात शंभरात ८ दगावले, जुन्या पद्धतीने दिलेल्या गटात २२ हून अधिक.

या सगळ्यासाठी डॉक्टरांना कळले पाहिजे की विष कोणते. म्हणून औषधाची बाटली किंवा डब्यावरचे लेबल बरोबर न्यावे. त्यावर घटकाचे नाव आणि उताऱ्याची माहिती छापलेली असते. बाधा झालेल्याला सावलीत मोकळ्या हवेत न्यावे, भिजलेले कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे, धुणाऱ्याने हातात प्लॅस्टिकची पिशवी घालावी. बेशुद्ध असल्यास डाव्या कुशीवर ठेवावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. उलटी श्वासनलिकेत गेली तर ती विषापेक्षा लवकर घात करते. दूध, ताक, लिंबू काहीही पाजू नये.

येथे एक नाजूक गोष्ट बोलणे भाग आहे. काही वेळा औषध चुकून जात नाही, दुःखाच्या भरात घेतले जाते. अशा वेळी घरचे लोक पोलिसांच्या आणि अब्रूच्या भीतीने तास-तास लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा माणसावर मोठा मानसिक ताण होता असेच गृहीत धरले जाते आणि त्याला शिक्षा करायची नसते. तेव्हा काहीही न लपवता आधी दवाखाना गाठावा. विचारपूस नंतर आणि तीही मायेने करावी. कीटकनाशके घरात राहत्या खोलीत न ठेवता कुलपात ठेवावीत.

यंत्राची इजा आणि रक्तस्राव

मळणी यंत्र, कडबाकुट्टी, पॉवर टिलर, उसाची ट्रॉली यांनी आपली कामे हलकी केली, पण जखमा मोठ्या होऊ लागल्या. अशा वेळी जीव जातो तो बहुतेक रक्त वाहून.

रक्त थांबवण्यास मदत करणारे ट्रानेक्सामिक ॲसिड हे जुने, स्वस्त औषध आहे. अपघातात ते उपयोगी पडते का, हे पाहण्यासाठी ४० देशांतील २७४ रुग्णालयांत २० हजारांहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. तिच्यात भारतातील रुग्णालयेही होती. २०१० मध्ये निकाल आला की या औषधाने मृत्यू कमी होतात. पुढच्या वर्षी त्याच आकड्यांची वेळेनुसार फोड केली, तेव्हा चित्र अधिक स्पष्ट झाले. अपघातानंतर एका तासात औषध दिलेल्यांत रक्तस्रावाने दगावणारे शंभरात ५.३ होते, औषध न दिलेल्यांत ७.७. एक ते तीन तासांत दिल्यास ४.८ आणि ६.१. तीन तासांनंतर दिल्यास मात्र उलटे झाले, औषध दिलेल्यांत ४.४ आणि न दिलेल्यांत ३.१. तेच औषध वेळेत दिले तर तारते आणि वेळ टळल्यावर दिले तर नुकसान करू शकते. माझ्या व्याख्यानाचे नाव मी येथूनच घेतले आहे.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून हाताने घट्ट दाबून धरणे, आणि सोडून सोडून न पाहणे. कापड भिजले तर त्यावर दुसरे ठेवावे. हळद, चहापूड, माती, डिझेल जखमेत घालू नये. बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, ती पिशवी बर्फावर ठेवून रुग्णाबरोबर न्यावी. बोट थेट बर्फात टाकू नये. मातीत झालेल्या जखमेसाठी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.

येथे एक घोटाळा होऊ देऊ नका. रक्त वाहत असेल तर दाबायचे, साप चावला असेल तर आवळायचे नाही.

शस्त्रक्रियेची वेळ आली तर

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी, अशा तीन वेळा ती मोठ्याने वाचायची. रुग्ण तोच आहे ना, जागा तीच आहे ना, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, कापसाचे बोळे मोजले का. आठ देशांतील आठ रुग्णालयांत तिची परीक्षा झाली, त्यात नवी दिल्लीचे एक होते. २००९ मधील निकालानुसार मृत्यूचे प्रमाण शंभरात १.५ वरून ०.८ वर आणि गुंतागुंतीचे ११ वरून ७ वर आले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही, फक्त साधे प्रश्न वेळेवर विचारणे.

म्हणून डॉक्टर, नर्स तेच तेच प्रश्न विचारतात तेव्हा वैतागू नये, खरे उत्तर द्यावे. शेवटचे कधी खाल्ले, मधुमेह किंवा रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, तंबाखू किंवा दारू घेतली आहे का, हे लपवू नये. गंभीर जखमीला वाटेत चहा-पाणी पाजू नये. पोट भरलेले असेल तर भूल देणे धोक्याचे होते आणि शस्त्रक्रिया लांबू शकते. जखम भरेपर्यंत तंबाखू आणि विडी बंद ठेवावी, त्याने जखम भरायला उशीर लागतो.

कापणीपूर्वी करावयाची तयारी

कापणीला लागण्यापूर्वी विळ्यांना धार लावतो, खळे सारवतो, पोती पाहतो. त्यातच पुढील गोष्टी जोडाव्यात.

१. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात सर्पविषावरील लस उपलब्ध आहे का, हे हंगामाआधी गावातल्या चार जणांनी जाऊन विचारून यावे. नसेल तर सर्वांत जवळ कोठे आहे ते विचारावे.

२. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर फोन करावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून मोफत आहे. रुग्णवाहिका वाडीपर्यंत येत नसेल तर रुग्णाला कोणत्या फाट्यावर आणायचे ते आधी ठरवावे.

३. प्रत्येक वाडीत रात्री-अपरात्री निघू शकतील अशा दोन मोटारसायकलस्वारांची नावे ठरवून सर्वांना सांगावीत.

४. कापणीत गमबूट घालावेत. पेंढी उचलण्यापूर्वी काठीने हलवावी. अंधारात बॅटरीशिवाय पाणी द्यायला जाऊ नये.

५. साप चावल्यास रुग्णाला धीर द्यावा, चालवू नये, चावलेला हात-पाय काठीच्या आधाराने न हलेल असा ठेवावा, अंगठी, जोडवी, पैंजण काढावेत. बांधणे, चिरणे, चोखणे करू नये. साप मारण्यात वा पकडण्यात वेळ घालवू नये.

६. इजा किती वाजता झाली ती वेळ लिहून घ्यावी आणि डॉक्टरांना सांगावी.

७. मळणी यंत्रावर सैल कपडे, पदर, गळ्यात मफलर नको. अडकलेली पेंढी यंत्र बंद करूनच काढावी.

बंधू-भगिनींनो, आपण गंध आणि चव राखण्यासाठी घनसाळ जपला. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ते भात पिकवणारे हात-पाय जपणे त्याहून महत्त्वाचे आहे.

तात्यांना मी या व्याख्यानाबद्दल विचारले होते. तुमची गोष्ट सांगू का, असे म्हणालो. ते म्हणाले, "सांग की. फक्त दोरी तू बांधलीस तेवढं सांगू नकोस, लोक हसतील." त्यांचा हा शब्द मी पाळलेला नाही. शिकलेल्या माणसानेही घाबरून चूक केली होती हे तुम्हाला कळले, तर तुमच्यापैकी कोणाचा तरी हात सुतळीकडे जाता जाता थांबेल आणि मोटारसायकलच्या किल्लीकडे जाईल. एवढे झाले तरी पुरे.